फ्रान्सहूकची वाइन ट्राम: एका दिवसात किती फार्म, कुठली लाइन, जेवण कुठे?

सांजवारा

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं दक्षिण आफ्रिकेत आहोत. मुक्काम केप टाउनला आणि फ्रान्सहूक या जवळच्या वाइनच्या गावासाठी एकच दिवस हाताशी आहे. तिथल्या वाइन फार्मवरून फिरवणाऱ्या वाइन ट्रामचं तिकीट काढायचं ठरलंय, पण नकाशा पाहिल्यावर गोंधळ वाढला. रंगांच्या नावाच्या कितीतरी लाइन, प्रत्येकीवर सात-आठ फार्म, शिवाय सुटायच्या वेळाही वेगवेगळ्या.

दोघं वाइन पिणारे आहेत, एक जण अजिबात पीत नाही, आणि चौथी आई. तिचं वय 68, गुडघे दुखतात. प्रश्न असे:

एका दिवसात किती फार्म नीट होतात? लाइन कशी निवडायची? जेवणाची वेळ कशी बसवायची? केप टाउनहून गाडी स्वतः चालवत न्यावी का? आणि पितात त्यांनी दुपारपर्यंत शुद्धीवर राहायचं कसं, हेही जाणकारांनी सांगावं.

---

रानवाट

ताई, सुरुवात एका गैरसमजापासून करू, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच बिनसतो. नाव ट्राम असलं तरी दिवसभर ट्राममध्ये बसायचं नसतं. पार्ल ते फ्रान्सहूक ही रेल्वेची फाटा-लाइन 1904 साली सुरू झाली. तिच्या गावाजवळच्या तुकड्यावर 2012 पासून ही ट्राम धावते. रूळ जातात तेवढीच तिची धाव. ग्राँद प्रोव्हाँस आणि रिकेटी ब्रिज यांसारखे रुळालगतचे फार्म सोडले, तर बाकी ठिकाणी रस्त्यावरून धावणारी ट्राम-बस नेते. त्यामुळे काही लाइनवर ट्रामची फेरी सकाळीच होऊन जाते, काहींवर ती दुपारी येते. ट्रामचाच हट्ट असेल तर तिकीट काढण्याआधी त्या लाइनच्या वर्णनात तिचा टप्पा कुठे आहे ते वाचा.

आता हिशेब. ही हॉप-ऑन हॉप-ऑफ आहे, म्हणजे हव्या त्या थांब्यावर उतरा आणि पुढच्या गाडीत चढा, पण शहरातल्या बससारखी दर दहा मिनिटांनी गाडी येत नाही. एका थांब्यावर तुमच्या लाइनची गाडी साधारण तासाने येते. शिवाय मार्ग वर्तुळाकार आणि एकाच दिशेचा, म्हणजे मागच्या फार्मवर परत जाता येत नाही. दिवसाचं माप म्हणून "तास" हाच धरायचा. फार्मवर राहायचं ते एक तास किंवा दोन तास. दीड तास असा प्रकार इथे नाही.

तो तास प्रत्यक्षात किती उरतो तेही पाहा. उतरून जागा मिळेपर्यंत आणि काय घ्यायचं ते ठरेपर्यंत दहा मिनिटं. पाच वाइन, प्रत्येकी सहा-सात मिनिटं, म्हणजे पस्तीस. बिलाला पाच ते दहा. आणि गाडीच्या पाच मिनिटं आधी थांब्यावर असायला हवं. तास भरला. यात बागेत फेरफटका नाही, फोटो नाहीत, तळघर पाहणं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तीन फार्म नीट करा. चौथा मन आणि पाय दोन्ही तयार असतील तरच. सहा फार्म करणाऱ्याच्या हाती संध्याकाळी फक्त सहा बिलं उरतात, कुठल्या ग्लासात काय होतं ते आठवत नाही.

नमुना वेळापत्रक देतो. खरे आकडे तुमच्या तिकिटावरचे धरा.

गावातून सुटणं 10:00
पहिला फार्म 10:20 ते 11:20
दुसरा फार्म 11:30 ते 12:30
तिसरा फार्म, जेवणासह 12:40 ते 14:40
चौथा, ऐच्छिक, 14:50 ते 15:50
मग गावात परत

तिकीट काढताना सुटायची वेळ निवडावी लागते. सकाळची सर्वांत लवकरची घ्या. उशिरा सुटलात तरी शेवटची गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही, म्हणजे पैसे तेवढेच आणि थांबे कमी. नोव्हेंबर-डिसेंबर गर्दीचा काळ, शनिवार-रविवारी तर लोकप्रिय लाइन आधीच भरतात. जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. सुटण्याचं स्थानकही तपासा. मुख्य स्थानक गावातच, ह्युगेनॉट रोडवर आहे, पण सगळ्याच लाइन तिथून सुटतात असं धरून चालू नका.

लाइन रंगावरून किंवा फार्मच्या संख्येवरून निवडू नका. आधी ठरवा की कुठले दोन फार्म हवेतच, मग ते दोन्ही ज्या लाइनवर आहेत ती घ्या. कुठला फार्म कुठल्या लाइनवर, हे अधूनमधून बदलत असतं. म्हणून जुन्या ब्लॉगवरचं "अमुक रंगाची लाइन सर्वोत्तम" हे वाक्य सोडून द्या आणि चालू नकाशाच पाहा.

---

निळी शाई

रानवाट यांनी वेळेचं सांगितलं, मी ग्लासाचं सांगते.

टेस्टिंगला, म्हणजे फार्मवरच्या चाखणीला, एका वाइनचं माप साधारण 25 ते 30 मिली असतं. चार फार्म, प्रत्येकी पाच वाइन, 30 मिलीने गुणा: 600 मिली. बाटली 750 मिलीची. म्हणजे एकट्या माणसाच्या पोटात दुपारी चारपर्यंत पाऊण बाटलीहून जास्त वाइन गेली. 13.5 टक्क्यांच्या वाइनमध्ये एवढ्यात सुमारे 64 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. प्रत्येक ग्लासात "दोनच घोट" दिसतात, म्हणून फसगत होते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, दोघांत एकच टेस्टिंग घ्या. बहुतेक ठिकाणी चालतं, बसतानाच सांगायचं आणि दोन ग्लास मागायचे. वरचा आकडा थेट 300 मिलीवर येतो आणि फीही निम्मी होते. दुसरा, स्पिटून, म्हणजे घोट थुंकायचं भांडं, वापरा. टेबलावर नसला तर मागा. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, उलट ओतणारा माणूस तुमच्याशी जास्त मन लावून बोलू लागतो. घोट तोंडात आठ-दहा सेकंद घोळवा, ओठ आवळून बारीक धारेत टाका. चवीचा मोठा भाग नाकाने कळतो, त्यामुळे गिळलं नाही तर फारसं काही हुकत नाही. तिसरा, प्रत्येक वाइनमागे निदान तेवढंच पाणी. फ्रान्सहूकचं नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली बरोबर ठेवा. सकाळी पोटभर नाश्ता करूनच निघा. रिकाम्या पोटी साडेदहाला फेसाळ वाइन घेतली की पुढचा दिवस ताब्यात राहत नाही.

क्रमही महत्त्वाचा. प्रत्येक फार्मवर आधी फेसाळ, मग सोव्हिन्यों ब्लांसारखी हलकी पांढरी, मग सेमियों आणि शेनँ, मग लाकडी पिंपात ठेवलेली शार्डने, मग पिनो न्वार, पिनोटाज, सिराह, काबर्ने या तांबड्या, आणि गोड वाइन अगदी शेवटी. उलट केलंत तर काबर्नेच्या तुरटपणाने जीभ लेपटते आणि नंतरची पांढरी वाइन पाण्यासारखी लागते. हाच नियम दिवसालाही लावा: फेसाळ वाइनसाठी नावाजलेला फार्म सकाळी, तांबड्यांसाठी नावाजलेला दुपारी. तुमच्या लाइनचा क्रम उलटा असेल तर निदान पहिल्या फार्मवर पांढऱ्याच घ्या. त्या दिवशी अत्तर लावू नका, शेजारच्या ग्लासाचा वासही मारला जातो.

फ्रान्सहूकला जाऊन दोन गोष्टी चुकवू नका.

पहिली कॅप क्लासिक. ही शँपेनच्याच पद्धतीची फेसाळ वाइन, दुसरं आंबवणं त्याच बाटलीत होतं. दक्षिण आफ्रिकेत या पद्धतीची पहिली वाइन 1971 ची, स्टेलनबॉशच्या सिमोन्सिखची. फ्रान्सहूकमध्ये ऑट काब्रिएर आणि ल ल्यूड यांचं नाव यासाठी घेतलं जातं. ऑट काब्रिएर घाटाच्या रस्त्यावर उंचावर आहे, तिथून सगळं खोरं खाली दिसतं. तलवारीने बाटलीची मान उडवायचा प्रकार पाहायचा असेल तर त्याचा दिवस आणि वेळ ठरलेली असते, आधी विचारून घ्या.

दुसरी जुन्या वेलींची सेमियों. हे द्राक्ष एके काळी केपमध्ये इतकं पसरलं होतं की त्याला नुसतं "हिरवं द्राक्ष" म्हणत. पुढे बहुतेक वेली उपटल्या गेल्या, पण फ्रान्सहूकच्या खोऱ्यात शंभरी ओलांडलेले काही तुकडे अजून उभे आहेत. तारा-खांबांचा आधार नसलेली, गुडघ्या-कमरेएवढी बुटकी झाडं असतात, खोड मनगटाहून जाड आणि पिळलेलं. घड कमी धरतात, म्हणून वाइन महाग. रिकेटी ब्रिजची पिलग्रिमेज ही अशा जुन्या वेलींची सेमियों. ओतल्याबरोबर पिऊ नका. ती थंडगार आणतात आणि थंडीत तिचा वास मिटलेला असतो. ग्लास तळव्यात धरून पाच मिनिटं थांबा. आधी लिंबाची साल येते, मग हळूहळू मेण आणि मध. घोट जिभेवर तेलकट, जडसर लागतो, ते सेमियोंचं लक्षण आहे, दोष समजू नका.

बाटली विकत घेताना मानेवरचा शिक्का पाहा. 35 वर्षं किंवा त्याहून जुन्या वेलींच्या वाइनवर ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट या जुन्या वेली जपणाऱ्या संस्थेचा "सर्टिफाइड हेरिटेज व्हिनयार्ड्स" असा शिक्का असू शकतो आणि त्यावर लागवडीचं साल छापलेलं असतं. लेबलवरचं "वाइन ऑफ ओरिजिन" हेही वाचा. पुढे फ्रान्सहूकचं नाव असेल तर सगळी द्राक्षं तिथलीच असावी लागतात. द्राक्षाच्या जातीचं किंवा सालाचं नाव असेल तर निदान 85 टक्के त्या जातीची, त्या सालाची. कित्येक फार्म बाहेरून द्राक्षं आणून चांगली वाइन करतात, त्यात गैर काही नाही. पण खोऱ्याची आठवण म्हणून बाटली न्यायची असेल तर हा फरक कळायला हवा.

---

सांजवारा

दोघांनाही मनापासून धन्यवाद. 600 मिलीचा आकडा वाचून आम्ही दोघांत एकच टेस्टिंग घ्यायचं पक्कं केलं. तीन फार्म आणि जेवण, असंच करू. आई आणि गाडीबद्दल कुणी सांगेल का? आणि जो पीत नाही त्याचा दिवस कंटाळवाणा जाईल का? एक फार्म म्हणून बाबिलॉनस्टोरेनही घ्यावं असं मनात आहे.

---

डोंगरकडा

गाडीचं आधी. केप टाउनहून फ्रान्सहूक साधारण 75 ते 80 किलोमीटर, एन-1 ने बाहेर पडून पुढे आर-45, सुमारे तासाभराचा रस्ता. सकाळी जाणं सोपं, प्रश्न येतानाचा. दक्षिण आफ्रिकेत साध्या चालकाला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलीला 0.05 ग्रॅम आहे. चाखणाऱ्याने "मी थोडीच घेतली" म्हणत चाकावर बसू नये. भाड्याच्या गाडीचा विमाही अशा वेळी हात वर करतो. तुमच्यातला न पिणारा गाडी चालवणार असेल आणि त्याचा परवाना तिथे चालत असेल, तर गाडी न्या. नाहीतर ट्रामवाल्यांकडेच केप टाउनहून ने-आण जोडून मिळते, तिची चौकशी करा.

अॅपवरच्या टॅक्सीने जाता येतं, पण परतीला तिच्या भरवशावर राहू नका. संध्याकाळी गावात गाड्या मोजक्याच असतात आणि केप टाउनपर्यंत यायला चालक तयार होईलच असं नाही. सर्वांत चांगलं म्हणजे एक रात्र फ्रान्सहूकलाच काढणं. ह्युगेनॉट रोडच्या आसपास खोली घेतलीत तर स्थानक चालत गाठता येतं, सकाळची पहिली वेळ पकडता येते आणि संध्याकाळी कुणालाच चाकावर बसायचं नसतं. एका दिवसाचंच बंधन नसेल तर हे नक्की करा.

आईंसाठी: ट्राम आणि ट्राम-बस दोन्हींना पायऱ्या चढाव्या लागतात आणि दिवसभरात ही चढउतार आठ-दहा वेळा होते. दुमजली ट्राममध्ये खालीच बसवा, वरच्या मजल्याचा जिना अरुंद आहे. दृश्य खालूनही छान दिसतं, बाजू उघड्याच असतात. चढताना सर्वांच्या पुढे राहा, म्हणजे दाराजवळची जागा मिळते. बुकिंग करतानाच गुडघ्याचं सांगून ठेवा आणि कुठल्या फार्मवर थांब्यापासून टेस्टिंगची खोली लांब आहे ते विचारा. बहुतेक ठिकाणी अंतर थोडंच असतं, पण खडीची वाट आणि उतार असू शकतो. आईंना दोन तासांचे थांबे जास्त मानवतील. म्हणजे तीनऐवजी दोन फार्म आणि दोन्हीकडे दोन-दोन तास, असाही दिवस सुंदर जातो.

न पिणाऱ्यालाही तिकीट लागतं, टेस्टिंगची फी मात्र वेगळी असल्याने ती लागत नाही. काही फार्मवर द्राक्षरसाची किंवा चॉकलेटची चाखणी असते. शिवाय टेबलावर बसायला कुणी हरकत घेत नाही.

बाबिलॉनस्टोरेन मात्र या दिवसात घालू नका. 1692 चा फार्म, बाग साडेतीन हेक्टरची, त्यात तीनशेहून जास्त खाण्या-औषधाच्या वनस्पती. नीट पाहायला तीन तास हवेत. शिवाय ते गावाच्या बाजूला नाही, सिमोंडियमकडे आहे. केप टाउनला येता-जाता वाटेत पडतं, म्हणून स्वतंत्र अर्धा दिवस काढून तिथे जा. प्रवेशाला पैसे पडतात आणि बाबेल या तिथल्या रेस्टॉरंटला आधीपासून टेबल राखावं लागतं. जेवण बागेतल्या भाज्या-फळांभोवती रचलेलं असतं, शाकाहारी असाल तर मन तृप्त होईल.

---

रानवाट

डोंगरकडा यांच्या "दोन फार्म" ला माझा पाठिंबा. आईंसोबत तोच हिशेब बरोबर.

जेवणाचं राहिलं होतं. ज्या फार्मवर जेवायचं तिथलं टेबल गाडी पोचल्यावर पंधरा मिनिटांनंतरचं राखा, गाडी पोचायच्या वेळेचं नको. पाच-दहा मिनिटं गाडी मागेपुढे होते आणि गर्दीच्या दिवशी टेबल दुसऱ्याला जातं. ऑर्डर देतानाच सांगा की ट्रामची अमुक वेळ गाठायची आहे. आठ-दहा पदार्थांचं टेस्टिंग मेन्यू या दिवशी घेऊच नका. तीन तास बसून खायचा प्रकार तो, त्याला गावात वेगळी संध्याकाळ द्या. चीज किंवा चॉकलेटसोबतच्या पेअरिंगलाही तास पुरत नाही. घ्यायचीच असेल तर ती दोन तासांच्या थांब्यावर घ्या आणि आदल्या दिवशी कळवा.

गाडी चुकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण बिल आहे. गाडी यायच्या दहा मिनिटं आधी सगळी टेबलं एकदम उठतात आणि कार्डाचं मशीन एकच असतं. शेवटची वाइन ग्लासात पडली की त्याच वेळी बिल मागा, पैसे द्या आणि मग निवांत प्या. गाडी हुकलीच तर पुढची तासाने, आणि शेवटची हुकली तर गावात परतायची सोय तुमची तुम्हालाच करावी लागते. शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच फोनमध्ये टिपून ठेवा.

टेस्टिंगची फी फार्मनुसार बदलते. बजेटसाठी माणशी 100 ते 200 रँड धरा, पेअरिंग असेल तर जास्त. काही ठिकाणी बाटल्या घेतल्या की फी सोडतात. किती बाटल्यांवर, ते आधी विचारायचं. कार्ड सगळीकडे चालतं. टिप साधारण 10 ते 15 टक्के.

---

निळी शाई

बाटल्या परत आणण्याबद्दल थोडं, कारण हा प्रश्न पुढे येणारच.

भारतात येताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू किंवा वाइन करमुक्त. म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर. तुमच्यात चार प्रौढ आहेत, तर आठ बाटल्यांचा हिशेब बसतो. साध्या भरलेल्या बाटलीचं वजन सव्वा किलोच्या पुढे जातं, कॅप क्लासिकची त्याहून जड, कारण आतला दाब झेलायला काच जाड लागते. सामानाच्या वजनात ते आधीच धरा. बाटल्या चेक-इन सामानातच टाका, प्रत्येक वेगळी गुंडाळून, सुटकेसच्या मधोमध, चहूबाजूंनी कपडे.

व्हॅट 15 टक्के आहे आणि परदेशी पाहुण्याला तो परत मागता येतो, एकूण खरेदी 250 रँडच्या वर हवी. फार्मवर "टॅक्स इन्व्हॉइस" मागून घ्या, साधी पावती चालत नाही. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी बाटल्या आणि इन्व्हॉइस तपासणीला दाखवावे लागतात. बॅग आत गेली की परतावाही गेला. फार्मवर प्यायलेली वाइन आणि जेवण यात धरत नाहीत.

एक काळजी त्या दिवसाचीच. नोव्हेंबरअखेर ऊन चांगलंच चढतं. पहिल्याच फार्मवर बाटल्या घेतल्या तर त्या दिवसभर ट्राम-बसमधून तुमच्याबरोबर तापत फिरतात. तापलेली वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि चव शिजल्यासारखी होते. पहिल्या-दुसऱ्या फार्मवर आवडलेल्या वाइनचं नाव आणि साल लिहून ठेवा. गावातल्या वाइनच्या दुकानात ती मिळते का ते संध्याकाळी पाहा. फार्मवरच मिळणारी असेल तेवढीच उचला आणि सावलीत, पायाशी ठेवा.

---

सांजवारा

ठरलं. एक रात्र फ्रान्सहूकला काढतोय, बुधवार, सकाळची पहिली वेळ. दोन फार्म दोन-दोन तास, त्यातल्या दुसऱ्यावर जेवण. आई थकली नाही तर तिसरा. बाबिलॉनस्टोरेन दुसऱ्या दिवशी परतताना. रिकेटी ब्रिज आणि ऑट काब्रिएर दोन्ही एकाच लाइनवर मिळाले नाहीत तर कुठला ठेवू?

---

निळी शाई

रिकेटी ब्रिज ठेवा ताई. रुळालगत आहे, आईंना चालणं कमी, आणि जुन्या वेलींची सेमियों तिथे. कॅप क्लासिक संध्याकाळी गावातल्या कुठल्याही बऱ्या रेस्टॉरंटमध्ये ग्लासाने मिळेल.